भुरी लागलेल्या बेगोनियाची रोपं वाण म्हणून द्यावीत का?

पत्राचा सारांश: नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय पन्नाशीच्या पुढे. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची गॅलरी स्लायडिंग लावून बंद केलेली, तिच्यात वीस-बावीस कुंड्या आणि कपडे वाळत घालायचा स्टँड. कुंड्यांमध्ये मानाचं झाड म्हणजे उभ्या काड्यांचा, गुलाबी झुबक्यांचा बेगोनिया. मूळ झाड सासूबाईंचं. त्या आता नाहीत, पण काड्या लावत लावत ताईंनी ते टिकवलं आहे आणि दोन वर्षांपूर्वी ठाण्याच्या नणंदेलाही एक रोप दिलं आहे. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्यांऐवजी याच बेगोनियाची चाळीस रोपं वाण म्हणून द्यायची, असं त्यांनी ठरवलं आणि मैत्रिणींना सांगूनही टाकलं. दिवाळीनंतर काड्या लावून वर प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या. डिसेंबर लागला आणि मोठ्या झाडाच्या पानांवर रांगोळी सांडल्यासारखे पांढरे गोल डाग दिसू लागले, मग पिशव्यांमधल्या रोपांवरही. त्यांनी पाणी कमी केलं, माती बदलली, कुंड्या सावलीत ओढल्या, ताकद यावी म्हणून खत वाढवलं, रोज कोरड्या फडक्याने पानं पुसली. उपयोग झाला नाही. दिंडोरीकडे द्राक्षबाग असलेल्या धाकट्या दिरांनी बघताक्षणी 'ही भुरी' असं सांगितलं आणि बागेतलं उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत भरून दिलं. घरच्यांचं म्हणणं, रोग त्यांच्याच कपड्यांवरून आला. त्यावरून थोडी धुसफूसही झाली. घरात तीन वर्षांचा नातू आहे. ताई विचारतात: ते औषध मारू का? सगळं फेकून देऊ का? आणि चाळीसपैकी निम्मी रोपं वरून स्वच्छ दिसतात, ती पुसून वाण म्हणून दिली तर चालतील का?

ताई,

बेगोनियाचं नंतर बघू, आधी ती बाटली घराबाहेर काढा. झाकण घट्ट लावा, वर मोठ्या अक्षरांत 'विष' असं लिहा आणि दिरांना परत द्या. बेसिनमध्ये किंवा संडासात ओतू नका. शेतीचं औषध पाण्याच्या बाटलीत, आणि घरात तीन वर्षांचं मूल! त्यांनी मायेनेच दिलं असणार, पण हे घरात एक रात्रही राहता कामा नये.

ते औषध मारायचंही नाही. नेमकं कोणतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि लेबल नसल्यामुळे ते तुम्हालाही माहीत असायची शक्यता कमी. द्राक्षबागेत भुरीसाठी हेक्झाकोनॅझोलसारखी आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारी बुरशीनाशकं सर्रास वापरली जातात. ती मोकळ्या रानात, मास्क-हातमोजे घालून, ठरलेल्या प्रमाणात मारायची असतात. जिथे तुमचे कपडे वाळतात आणि नातू खेळतो, त्या बंद गॅलरीत त्यांना जागा नाही. शिवाय या गटातली औषधं बुरशीबरोबर झाडाची वाढही थोडी आखडतात. काडीला मुळं फुटून शेंडा सरकायला हवा, त्याच वेळी हे कशाला?

आता दिरांवरचा आळ. निदान त्यांनी बरोबर केलं आहे, आणि रोग त्यांनी आणलेला नाही. भुरी हे एका बुरशीचं नाव नाही, ते बुरशींचं एक मोठं कूळ आहे आणि त्यातल्या बहुतेक जाती आपापलं झाड धरून असतात. द्राक्षावरची भुरी, एरिसिफे नेकेटर, द्राक्षाच्या कुळापुरती राहते. गुलाबाची वेगळी, बेगोनियाची वेगळी. काकडी-भोपळ्यावरच्या जातीसारख्या काही जाती बऱ्याच झाडांवर चालतात हे खरं, पण द्राक्षातून बेगोनियावर ही वाट नाही. घरात ग्रेप आयव्हीची वेल असती तर गोष्ट वेगळी होती. ती द्राक्षाच्याच कुळातली, तिच्यापुरता दिरांवर संशय घेता आला असता! तुमच्या बेगोनियावरची भुरी बहुधा दुसऱ्या एखाद्या बेगोनियावरून आली असावी. नर्सरीतून आणलेलं नवं रोप, शेजारच्या खिडकीतली कुंडी, किंवा वाऱ्यावर आलेले बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, यांपैकी काहीही असेल. याची दुसरी बाजूही सोयीची आहे. तुमच्या गॅलरीतल्या मनी प्लांटला, स्नेक प्लांटला या बेगोनियापासून भीती नाही, त्यामुळे सगळं फेकण्याचा प्रश्नच उरत नाही.

तुम्ही केलेल्या उपायांबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलावं लागेल, कारण अशी पत्रं दर हिवाळ्यात येतात आणि जवळजवळ सगळ्यांनी हेच केलेलं असतं. तुमचा विचार असा दिसतो, की बुरशी म्हणजे ओल, म्हणून कोरडं ठेवलं की ती जाईल. बहुतेक बुरशींच्या बाबतीत हे चुकत नाही. भुरी इथेच वेगळी आहे. तिच्या बीजाणूला रुजायला पानावर पाण्याचा थेंब लागत नाही, स्वतःपुरतं पाणी तो सोबत घेऊन येतो. उलट पानावर पाणी साचलं तर बरेच बीजाणू फुटून जातात. तिला हवी असते कोरड्या पानाभोवतीची दमट, स्तब्ध हवा, कमी ऊन आणि साधारण वीस ते सत्तावीस अंशांचं तापमान. तुमची गॅलरी डोळ्यांपुढे आणा: रात्री थंडी म्हणून स्लायडिंग बंद, आत ओले कपडे, कुंड्या एकमेकींना चिकटलेल्या. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात तेव्हा बाहेर भुरीला थंडी सोसत नसेल, पण बंद काचेआड तिचं छान चाललेलं असतं. अशा हवेत पडलेल्या बीजाणूपासून आठवड्याभरात नवे बीजाणू तयार होतात.

म्हणून पाणी कमी केल्याने भुरीचं काही बिघडलं नाही, झाड तेवढं तहानलं. माती बदलून काही होणार नव्हतं, कारण ही बुरशी जिवंत पानावर जगते, मुळाशी नाही. सावलीत ओढल्याने तिचीच सोय झाली. आणि कोरड्या फडक्याने पुसणं हा यातला सगळ्यात नडलेला उपाय. पांढरी भुकटी म्हणजे बीजाणूच, पुसताना ते हवेत उडतात आणि शेजारच्या पानावर बसतात. पानाच्या आत शिरलेले तिचे शोषक तंतू पुसण्याने निघत नाहीत, म्हणून चार दिवसांनी डाग त्याच जागी परत दिसतो.

खताचा मुद्दा वेगळा काढून सांगते, कारण काड्या लावणाऱ्या सगळ्यांना तो लागू आहे. आजारी माणसाला सकस खाऊ घालावं हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं असतं, तेच आपण झाडाला लावतो. नत्र जास्त मिळालं की लुसलुशीत, पातळ सालीची पालवी फुटते आणि भुरीला तीच लवकर लागते. ज्या झाडाच्या काड्या आपण सारख्या कापतो, ते तर कायमच कोवळ्या फुटीवर असतं. शेंडा कापला की दोन फुटवे, ते जरा वाढले की पुन्हा कात्री. शोभेच्या झाडाला मुरायला वेळ मिळतो, काड्यांसाठी ठेवलेल्या झाडाला तो मिळतच नाही. त्यात आपण त्याच्या काड्या पिशवीच्या दमट, स्तब्ध हवेत कोंडतो. तेव्हा तुमचं दुखणं नुसतं 'बेगोनियाला रोग झाला' एवढंच नाही. काड्या करण्याची आपली नेहमीची सगळी रीतच भुरीच्या पथ्यावर पडणारी आहे. औषध कितीही चांगलं मिळालं, तरी ती रीत न बदलता मारलं तर पुढच्या डिसेंबरात तुमचं पुन्हा असंच पत्र येईल.

उपचारांकडे वळण्याआधी एक खात्री करून घ्या. उभ्या काड्यांच्या बेगोनियाच्या काही जातींत पानांवर जन्मजात रुपेरी ठिपके असतात. ते रेखीव असतात, सगळ्या पानांवर सारखे असतात आणि पुसल्याने जात नाहीत. ओल्या बोटाने पुसल्यावर डाग निघाला आणि काही दिवसांत परत आला, तर भुरी. देठाच्या बेचक्यात कापसासारखं, चिकट काही असेल तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे कीड, त्याची गोष्ट वेगळी. पाण्याच्या थेंबांच्या आकाराचे, पुन्हा न वाढणारे पांढरे वण बोअरच्या जड पाण्याचे असतात. तुमच्या वर्णनावरून आणि दिरांच्या सरावलेल्या नजरेवरून तुमच्याकडे भुरीच आहे, याबद्दल मला शंका नाही. त्यांच्या भागात शेंबडं पोरही भुरी ओळखतं.

मोठ्या झाडापासून सुरुवात करा. सकाळची वेळ निवडा. आधी सगळ्या झाडावर हलकेच पाणी फवारा, म्हणजे पानं काढताना बीजाणू उडणार नाहीत. मग ज्या पानांचा बराच भाग पांढरा झाला आहे ती देठासकट कापा आणि कापल्या कापल्या पिशवीत टाका. पिशवीचं तोंड बांधून ती सरळ कचऱ्यात द्या, गॅलरीतल्या खताच्या डब्यात नको. झुबकेही काढा. फुलांचा मोह होईल, पण औषधाने ती तशीही डागाळतात. एखाददुसरा डाग असलेली पानं राहू द्या, झाडाला जगायला पानं हवीत. एका दिवसात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पानं काढू नका. कात्री स्पिरिटने पुसा. भुरी मुख्यतः हवेतून पसरते, तिला कात्रीची गरज नसते. पण बेगोनियावर जिवाणूजन्य करपाही येतो आणि तो कात्रीवरून सहज पसरतो.

यानंतर फवारणी. तुमच्याकडे दोन चांगले पर्याय आहेत.

पहिला गंधकाचा. दिरांकडे पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक नक्की असेल. ते मागा, पण मूळ पुडीत, लेबलासकट. लिटरला २ ग्रॅम हे नेहमीचं प्रमाण, तरी पुडीवर लिहिलं असेल ते पाळा. भुरीवर गंधक हा फार जुना उपाय आहे. १८४५ साली इंग्लंडमध्ये मार्गेट गावी एडवर्ड टकर नावाच्या माळ्याला द्राक्षवेलींवर ही बुरशी पहिल्यांदा दिसली, तीही काचघरातल्या. ती मूळची उत्तर अमेरिकेतली आणि वेलींच्या रोपांबरोबर युरोपात आली, असं मानतात. त्याने गंधक आणि चुना वापरून पाहिला. पुढच्या दहा वर्षांत फ्रान्सचं द्राक्ष उत्पादन या रोगाने कोसळलं आणि ते सावरलं तेही गंधकानेच. बिचाऱ्या टकरचं नाव मात्र बरीच वर्षं त्या बुरशीला चिकटून राहिलं, ओइडियम टकेराय म्हणून. रोप दुसरीकडून आणायचं, काचेआड ठेवायचं आणि मग भुरीशी झगडायचं, हा खेळ तेव्हापासूनचा आहे!

गंधक मारताना कुंडी गच्चीवर न्या. नाका-तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, आणि नातू खाली. पानाच्या दोन्ही बाजू भिजल्या पाहिजेत. पूर्ण वाळल्यावरच कुंडी घरात आणा. दहा दिवसांनी पुन्हा एकदा मारा. तापमान ३२ अंशांच्या वर असताना गंधकाने पानं भाजतात. डिसेंबर-जानेवारीच्या नाशकात ती अडचण नाही, मार्च-एप्रिलमध्ये मात्र विसरू नका. आणि नीम तेल किंवा दुसरं कुठलंही तेल मारलं असेल तर दोन आठवडे गंधक नको, गंधक मारल्यावर दोन आठवडे तेल नको. दोन्ही एकत्र आली की बेगोनियाची पानं करपतात.

गच्ची नसेल, किंवा घरात गंधक आणायचंच नसेल, तर खाण्याचा सोडा. लिटरभर पाण्यात एक चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, आणि त्यात भांड्याच्या द्रवसाबणाचा अर्धा चमचा. आधी एकाच पानावर मारून दोन दिवस बघा, बेगोनियाची पानं नाजूक असतात. मग आठवड्यातून एकदा. फवारताना मातीवर वर्तमानपत्र पसरा, कारण सोड्यातलं सोडियम मातीत साठलं तर मुळांना बाधतं. याच कारणाने पोटॅशियम बायकार्बोनेट सोड्यापेक्षा बरं, शेती सेवा केंद्रात विचारून बघा.

दुधाचं काय, असं पुष्कळजणी विचारतात. दूध थट्टेचा विषय नाही. १९९९ साली ब्राझीलमधले संशोधक वॅग्नर बेत्तिओल यांनी हरितगृहातल्या झुकिनीवर, म्हणजे भोपळ्याच्याच जातभाईवर, गाईचं दूध पाण्यात मिसळून फवारलं आणि भुरी चांगली आटोक्यात आल्याचं दाखवलं. एक भाग दूध, नऊ भाग पाणी हे प्रमाण तेव्हापासून रूढ झालं. पण दूध उजेडात जास्त चांगलं काम करतं. तुमच्या बंद गॅलरीत ते पानांवर आंबेल, वास येईल, काळसर बुरशी चढेल ती वेगळीच. अंगणातल्या काकडीला दूध जरूर मारा. घरातल्या बेगोनियाला मी ते सुचवणार नाही, आणि आंबट ताक तर अजिबात नाही.

यश कसं ओळखायचं, हे आधीच सांगून ठेवते. जुन्या पानांवरचे डाग तपकिरी होऊन तसेच राहतील, ते कधीच जाणार नाहीत. त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका आणि पुन्हा पुन्हा फवारूही नका. नवीन पानं बघा. लागोपाठ तीन आठवडे नव्या पानांवर एकही पांढरा ठिपका आला नाही, तर झाड सावरलं असं समजा. मे महिन्यात नाशिकचं ऊन तापलं की ही भुरी बहुधा आपोआपच मंदावते. त्या वेळी जो काही उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळतं, आणि मग तो सोसायटीभर पसरतो.

गॅलरीची घडीही या आठवड्यातच बदला. कपड्यांचा स्टँड बाहेर काढा, निदान बेगोनियापासून दूर न्या. या एका गोष्टीचा परिणाम कुठल्याही फवारणीइतका होईल, असं मला वाटतं. सकाळी ऊन आलं की स्लायडिंग उघडा आणि दुपार कलेपर्यंत उघडंच ठेवा. रात्री सगळं बंद असेल तेव्हा छोटा टेबल फॅन अगदी मंद, भिंतीकडे तोंड करून चालू ठेवा. झाडांवर थेट झोत नको, हवा हलती राहिली की पुरे. एका कुंडीचं पान दुसरीच्या पानाला लागणार नाही इतकं अंतर ठेवा. वीस-बावीस कुंड्यांत ते जमणार नसेल, तर चार कुंड्या जिन्याच्या खिडकीत जाऊ देत. बेगोनियाला सकाळचं कोवळं ऊन चालतं, त्याला कोपऱ्यातून पुढे आणा. पाणी सकाळीच, मातीचा वरचा थर सुकल्यावर, पण पोटभर. खत नवी निरोगी पालवी येईपर्यंत बंद.

आता त्या चाळीस रोपांकडे. तुम्ही विचारता, निम्मी स्वच्छ दिसतात, पुसून दिली तर? नका देऊ. आज स्वच्छ दिसणाऱ्या पानावर बीजाणू रुजलेला असेल तर तो तुम्हाला आठवड्याने दिसेल, म्हणजे नेमका मैत्रिणीच्या घरी गेल्यावर. जिच्याकडे दुसरा बेगोनिया नाही तिचं फारसं बिघडणार नाही. पण जिच्याकडे रेक्स बेगोनियाच्या चार हौशी कुंड्या असतील, तिला तुमचं वाण वर्षभर आठवेल. आणि तिला हे सगळं कुठून आलं, तेही कळेल.

डाग असलेली रोपं काढून टाका. त्यांना वाचवण्यात जो वेळ जाईल त्यात नवी करता येतात. राहिलेल्या रोपांचा निकाल तीन आठवड्यांनी लावायचा. दिवाळीनंतर लावलेल्या काड्यांना एव्हाना मुळं आलेली असणार, बेगोनियाला साधारण तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे पिशवीचं काम संपलेलं आहे, तिने आता नुकसानच होतंय. पण ती एकदम काढू नका, पानं लुळी पडतील. पहिल्या दिवशी कोपरा कापा, दुसऱ्या दिवशी तोंड उघडा, चौथ्या दिवशी पिशवी पूर्ण काढा. मग ही रोपं मोठ्या झाडापासून वेगळ्या खोलीत, उजेडाच्या खिडकीत, एकमेकांपासून सुटी ठेवा. झाडांची निगा राखताना आधी ही रोपं हाताळा, मग मोठं झाड. उलटा क्रम नको. ज्या रोपावर ठिपका दिसेल ते त्याच दिवशी बाहेर. संक्रांतीपर्यंत जेवढी तरतील तेवढी खुशाल द्या. ती दहा असतील किंवा पाचही असतील. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येतं, तेव्हा थोडा वेळ हाताशी आहे.

बाकीच्यांना काय द्यायचं? मनी प्लांटच्या वेलीचे डोळे असलेले तुकडे आजच पाण्यात घाला, संक्रांतीपर्यंत मुळं दिसू लागतील. काचेच्या छोट्या बाटलीतच दिलं तरी शोभतं. स्पायडर प्लांटला लोंबणारी पिल्लं असतील तर ती तयार रोपंच आहेत. कलांचो मात्र देऊ नका. नर्सरीत या दिवसांत ती फुललेली दिसतात, स्वस्तही असतात, पण भुरी त्यांच्यावरही येते आणि तुम्हाला पुन्हा तीच चिंता लागेल. 'सासूबाईंचाच बेगोनिया देणार असं सांगितलंय' ही तुमची अडचण मला समजते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. 'झाड आजारी आहे, पावसाळ्यात तुझं रोप नक्की' असं सरळ सांगा. झाडं लावणाऱ्या बाईला हे लगेच कळतं, आणि न लावणाऱ्या बाईला मनी प्लांटच बरा.

तुमच्या पत्रात खरी भीती वाणाची नाही, असं मला वाचताना वाटत राहिलं. सासूबाईंचं झाड हातचं जाईल, ही ती भीती आहे. भुरी बेगोनियाला सहसा मारत नाही, पानं गाळून अशक्त करते. तरीही एक गोष्ट आजच करा: ठाण्याला नणंदेला फोन लावा आणि त्यांच्या रोपावर डाग आहेत का विचारा. नसतील तर तुमच्या झाडाची निरोगी प्रत तिथे शाबूत आहे. फेब्रुवारी सरला, इथलं झाड सावरलं, की तिच्या दोन काड्या मागवून घ्या आणि त्या तीन आठवडे वेगळ्या ठेवूनच गॅलरीत आणा, भले त्या नणंदेकडच्या असोत. आवडतं झाड एकाच घरात राहू नये, या मताची मी आहे. निदान दोन घरांत असावं, आणि ती घरं वेगवेगळ्या हवेची असली तर आणखी बरं.

समजा, नणंदेकडचं रोप गेलेलं आहे आणि इथलं झाडही फार खंगलं आहे, तरच भुरी असलेल्या झाडाची काडी घ्यायला मी हो म्हणेन. तेव्हा सगळ्यात स्वच्छ शेंडा निवडा, वरचं एक कोवळं पान ठेवा, बाकीची काढा. सोड्याच्या पाण्यात बुडवून काढा, थोड्या वेळाने साध्या पाण्याने धुवा आणि पिशवी न घालता पाण्याच्या पेल्यात, दुसऱ्या खोलीत ठेवा. या बेगोनियाला पाण्यातही मुळं फुटतात.

पुढच्या वर्षी पुन्हा वाणाचा बेत असेल तर काड्या दिवाळीनंतर लावू नका. ऑगस्टमध्ये लावा. त्या दिवसांत काडी वाळत नाही, मुळं लवकर धरतात आणि ऑक्टोबरपर्यंत पिशव्या उतरतात. थंडी सुरू होईपर्यंत रोपं मुरलेली असतात. पावसाळ्यात देठ कुजण्याचा धोका असतो, त्यासाठी मातीऐवजी कोकोपीट आणि जाड वाळू वापरा, पिशवी रोज दहा मिनिटं उघडा. काड्यांसाठी एक नाही, दोन झाडं ठेवा आणि आलटून पालटून कापा, म्हणजे एक मुरत असताना दुसरं कामाला येतं. नवीन आणलेलं कुठलंही बेगोनियाचं रोप पहिले तीन आठवडे या दोघांजवळ जाता कामा नये. त्याच्या कुंडीवर मार्कर पेनाने तारीख घाला, नाहीतर तीन आठवडे झाले की दहा दिवस, हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांच्या देठांवर भुरी आली की पानं मुरडतात. तो शेंडा खालच्या निरोगी डोळ्यापर्यंत कापा आणि गंधक मारा. त्या फांदीची कलमं या हंगामात करू नका. कलांचो आणि जेड ही रसाळ पानांची झाडं आहेत, त्यांना धुवायचं असेल तर उन्हाच्या सकाळी धुवा आणि दुपारपर्यंत खडखडीत वाळू द्या. पुदिना आणि रोझमेरी स्वयंपाकात जातात, त्यांच्यावर फवारण्याच्या भानगडीत पडू नका. पुदिना मातीपासून दोन बोटं ठेवून सपाट कापा, उजेडात ठेवा, नवा फुटतो. रोझमेरीचं तसं नाही. तिला बुडख्यातून कापलं तर जुन्या लाकडातून ती सहसा फुटत नाही, तिच्या डागाळलेल्या काड्या तेवढ्या काढा आणि कुंडी खिडकीच्या बाहेर, वाऱ्यावर ठेवा.